वरच्या मोरीचं पाणी

मुलीच्या अकरावीच्या क्लाससाठी आम्ही दोघी नांदेडहून लातूरला राहायला आलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. वर घरमालकीण एकट्याच राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची.

दिवाळीनंतर आमच्या बाथरूमच्या भिंतीवर काळे ठिपके दिसू लागले. मी ब्रशने घासले, फिनाइल टाकलं. आठ दिवसांत पुन्हा तेवढेच. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात आमची भिंत मात्र ओली. मुलीचा खोकला थांबेना. बाईंना सांगायची भीती वाटत होती; खोली सोडा म्हणाल्या तर वर्षाच्या मध्येच पोरीला घेऊन जायचं कुठं?

शेवटी सांगितलं. त्या खाली आल्या, दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या, "ओले कपडे आतच वाळत घालतीस. वर झरोक्याला पुठ्ठा. बुरशी येणार न्हाई तर काय?"

झरोका गल्लीच्या बाजूला होता. पोरगी आंघोळीला लाजायची म्हणून पुठ्ठा मीच लावला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई जिना चढून गेल्या आणि दहा मिनिटांनी पेन्सिल घेऊन परत आल्या. ओल जिथं संपत होती तिथं भिंतीवर रेघ ओढली. "पुठ्ठा काढ. कपडे गच्चीवर घाल. चार दिवसांनी बघू."

चार दिवसांनी ओल रेघेच्या बाहेर गेली होती. बाईंनी छताकडे बघितलं; त्यांची मोरी बरोबर त्याच्या वर होती. मग म्हणाल्या, "आता माझी पाळी. चार दिवस वरची मोरी मी वापरत न्हाई."

पासष्टीच्या पुढचं वय, गुडघे दुखरे. तरी रोज सकाळी अंगणातल्या हौदातून बादली भरायच्या आणि मागच्या पत्र्याच्या आडोशाला आंघोळ करायच्या. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडं करा की." त्या म्हणाल्या, "तुझी भिंत वाळू दे आधी."

पाचव्या दिवशी ओल रेघेच्या आत सरकली होती. बाईंनी भिंतीला हात लावून पाहिला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माझं पाणी हाय हे. तुला उगंच बोलले. चुकलं माझं."

आजवर मी अनेक मोठी माणसं पाहिली. चूक इतक्या सरळ कबूल करणारं कुणी मला भेटलं नव्हतं. मी भाडेकरू, त्यांच्या मुलीच्या वयाची. त्या नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं.

गवंडी आला. वरच्या मोरीच्या जाळीपाशी फट होती, तिथून पाणी स्लॅबमध्ये झिरपत होतं. फरशा फोडाव्या लागणार होत्या. त्या फरशा बाईंनी निवृत्तीनंतर स्वतः दुकानं हिंडून निवडल्या होत्या, हे मला गवंड्यानंच सांगितलं. फोडताना बाई शेजारी उभ्या होत्या. तेवढ्यात त्यांचे भाऊ आले आणि म्हणाले, "भाडेकरूसाठी एवढा खटाटोप? आज हायत, उद्या जातील."

बाई म्हणाल्या, "त्या जातील, भिंत माझीच ऱ्हाईल की. आन् पोरगी त्यांची खोकून राहिली, ती माझ्या पाण्यानं."



भिंत वाळायला महिना लागला. मग जुना गिलावा खरवडून नवा केला, वर चुना दिला. झरोक्याला बाईंनी दुधी काचेच्या पट्ट्या बसवल्या. वारा येईल, गल्लीतून दिसणार नाही अशा. आंघोळ झाली की भिंत पुसून दार उघडं ठेवायचं, हे काम त्यांनी माझ्याकडं दिलं आणि मी ते एक दिवस चुकवलं नाही. मुलीचा खोकला हळूहळू गेला. बारावी होईपर्यंत आम्ही तिथंच राहिलो.