अब्बांचा हिरवा चांद

कुणी मला चमत्काराच्या गोष्टी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. सुना मागं कुजबुजतात, म्हातारीचा विश्वास उडाला म्हणून. विश्वास जागेवर आहे. पाच वक्ताची नमाज आहे, रोजे आहेत. पण चमत्कार कशासाठी असतो हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं होतं, आणि ऐन वेळी ते स्वतःच त्या शिकवणुकीच्या उलट वागले. घाबरून वागले. म्हणून मला त्यांचा राग येतो आणि त्यांची कीवही येते. दोन्ही अजून संपलेलं नाही.

आम्ही तेरखेड्याचे, आतषबाजीवाले. निजामाच्या राज्यात लग्न पाटलाचं असो की मुनशीचं, वरातीपुढचा उजेड आमच्या घरचा असायचा. घरात दखनी, दारात मराठी, त्यामुळं दोन्ही भाषांतली बोलणी खायला आम्ही मोकळे. अब्बा तुराट्यांचा कोळसा खलायचे, अम्मी आणि मी मातीचे भुईनळे ठासायचो. माझ्याकडं आणखी एक काम होतं. तांब्याच्या फुटक्या भांड्यांना आंबट ताक लावून ठेवायचं, हिरवा गंज चढला की खरवडून डबीत जमवायचा. त्या गंजानं जाळ हिरवा होतो. आसपासच्या गावांत हिरवा जाळ फक्त अब्बांना जमायचा, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

भाई माझ्याहून मोठा. त्याला अब्बांनी बारुदीला कधी हात लावू दिला नाही. पोरगा शिकेल, कचेरीत खुर्चीवर बसेल, त्याच्या भुवया तरी शाबूत राहतील, एवढंच त्यांच्या मनात. स्वतःच्या भुवया त्यांनी केव्हाच जाळून घेतल्या होत्या. भाई धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, शाळेत होता. घरी आला की नाकाला रुमाल लावून अंगणातून जायचा आणि मी त्याला नवाबसाहेब म्हणून चिडवायचे. तो माझी वेणी ओढायचा. एवढंच आमचं भांडण.

काम करता करता अब्बा पैगंबरांच्या गोष्टी सांगायचे. त्यांची आवडती गोष्ट हजरत मूसांची. मिसरच्या बादशहाच्या, फिरऔनच्या दरबारात जादूगारांनी दोऱ्या आणि काठ्या टाकल्या, त्या सापासारख्या वळवळू लागल्या. मग मूसांनी आपली काठी टाकली आणि तिनं ते सगळं गिळून टाकलं. इथं अब्बांचा हात थांबायचा. सगळ्यांत आधी कपाळ जमिनीला टेकून सजद्यात कोण पडलं, असं ते विचारायचे. उत्तर आम्हाला तोंडपाठ होतं, तरी तेच सांगायचे. जादूगार पडले. दरबाऱ्यांना दोन्हीकडं सापच दिसले. हातचलाखी कुठं संपते हे ओळखलं ते फक्त हातचलाखी करणाऱ्यांनी. ते आपल्याच धंद्यातले लोक होते, असं अब्बा म्हणायचे आणि पुन्हा खलायला लागायचे.

अल्लाला असा तमाशा कशाला करावा लागतो, असं मी एकदा विचारलं होतं. अम्मीनं डोळे वटारले. अब्बा मात्र रागावले नाहीत.

“तमाशा न्हाय, पोरी. गवाही हाय. मला अल्लानं पाठवलं असं कुणीबी उठून म्हणंल. लोकांनी कशावर भरवसा ठिवायचा? म्हणून अल्ला सोता त्याच्या बाजूनं गवाही देतो. त्याला मोजिजा म्हणायचं.”

तो पैगंबराच्या मर्जीनंसुद्धा होत नाही, अल्लाच्या हुकमानं होतो, असं ते पुढं म्हणाले. कुणी मागितला म्हणून मिळत नाही. शेवटच्या पैगंबरांबरोबर पैगंबरी संपली, तशी ही गवाहीही संपली. आता आपल्याकडं फक्त खरं बोलणं उरलं, बाकी काही नाही.

निजामी राजवटीचा शेवटचा पावसाळा आला. शाळेत कुणाचं लक्ष राहिलं नव्हतं, भाई घरी येऊन बसला होता. गावोगाव हत्यारबंद पोरांच्या टोळ्या फिरत होत्या. कुणब्यांची घरं त्यांना भिऊन होती, आणि खरं सांगायचं तर आमच्यातलीही बरीच. टोळीत जायला आमच्या गावातून कुणी पुढं येत नव्हतं. एका दुपारी टोळीचा म्होरक्या आमच्या ओसरीवर येऊन बसला. अम्मी आणि मी पडद्यामागं होतो.

माणूस गोड बोलायचा. त्याचं म्हणणं असं की लोकांचं काळीज खचलंय, त्यांना अल्लाची एखादी निशाणी दिसायला हवी. माळावरच्या दर्ग्यापाशी जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, लोक जमतात. तेव्हा दर्ग्यामागं आभाळात हिरवा चांद दिसला पाहिजे. अब्बा म्हणाले, ही तर अल्लाच्या नावानं खोटी गवाही झाली. म्होरक्या हसला. मग म्हणाला की घरटी एक पोरगा न्यायचं ठरलंय, तुमचा तर चांगला उंचापुरा झालाय. चांद दाखवलात तर तुमच्या पोराला आम्ही बोलावणार नाही, आणि तोंड उघडलंत तर मग बघा.

तो गेल्यावर अम्मीनं अब्बांचे पाय धरले. अब्बांनी तिला उठवून खांबाशी बसवलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, नुसता हात पुढं केला आणि गंजाची डबी मागितली.

पावसाळ्यात कोरडी बारूद मिळणं कठीण. चुलीवरच्या शिंक्यात एक मडकं टांगलेलं असायचं, दिवाळीसाठी राखून ठेवलेलं. अब्बांनी ते सगळं त्या चांदात घातलं. बांबूची कमान वाकवली, भाई बाहेर गेलेला बघून ती गोणपाटात गुंडाळली आणि अंधार पडायच्या आत माळावरच्या लिंबाच्या शेंड्याला बांधून, वात खाली सोडून आले. वात पेटवायला म्होरक्याचा माणूस होता.

बायका माळवदावरून बघत होत्या. रात्रीची, ईशाची नमाज झाली असेल नसेल, आणि काळ्या ढगांवर हिरवी कोर उगवली. स्वच्छ, न थरथरणारी. माळावरून माणसांचा एकच आवाज उठला, रडण्याचा आणि अल्लाच्या नावाचा. शेजारची म्हातारी माळवदावरच सजद्यात पडली. मी उभीच राहिले. तो हिरवा मी ओळखला होता. माझ्याच नखांनी खरवडलेला होता तो. आपल्या बापाच्या हातची इतकी देखणी वस्तू मी कधी बघितली नव्हती, आणि मी नखं ओढणीला पुसत होते.

सकाळी पलीकडच्या कुणब्यानं टोळीच्या भीतीनं गाडी जुंपली आणि बायकापोरं घेऊन पाहुण्यांच्या गावी निघाला. त्याच्या पोरीच्या लग्नात अब्बांनीच उजेड केला होता. ती माहेरी आलेली होती, गाडीत बसली होती. तिनं माझ्याकडं बघून पदर तोंडावर ओढला.

भाईचे डोळे रडून सुजले होते. जेवताना त्यानं सांगितलं की तो टोळीत जाणार. कुणी बोलावलं का, असं अम्मीनं विचारलं. कुणी नाही, तो म्हणाला. अल्लानं गवाही दिल्यावर घरात कसा बसू? मी म्हणाले, तो माझ्या डबीतला गंज होता. तू आणि तुझी फुटकी भांडी, तो म्हणाला. मग अब्बांनी ताट बाजूला सारलं.

“त्यो चांद म्या केला. या हातानं.”

भाई रागावला असता तर बरं झालं असतं. तो मायेनं बोलला.

“अब्बा, तुमी भ्यालात. मला ठिवून घ्यायला असं बोलताय. मला कळतंय.”

अब्बा म्हणाले, दिवस मावळेपर्यंत थांब, पुन्हा करून दाखवतो. भाई थांबला. बापाचा शब्द त्यानं तेवढा राखला.

दिवसभर झिमझिम चालू होती. मडकं रिकामं होतं. अब्बांनी पोत्याच्या तळाचा, बारुदीत घालायचा शोरा काढला, तो हाताला ओला लागत होता. चुलीपाशी धरून शेकला. मी एकूण एक भांडं खरवडलं. तिन्हीसांजेला परसात गोठ्याच्या आडोशाला त्यांनी छोटी कमान उभी केली आणि बत्ती लावली. फुसफुस झाली, पिवळा धूर निघाला, विझली. त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा धूर. अब्बांचे ओठ हलत होते. ते काय मागत होते हे मला न ऐकताच कळलं. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला स्वतःच्या खरेपणाची गवाही हवी होती, आणि ती मिळत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

भाईनं खाली वाकून त्यांच्या हातातली बत्ती काढून घेतली आणि हाताचं चुंबन घेतलं.

“बघा अब्बा. त्यो तुमचा नव्हताच.”

तो उजाडताच गेला. जाताना माझी वेणी ओढली. अब्बा धावत म्होरक्याकडं गेले, लोकांसमोर खरं सांग म्हणून त्याच्या विनवण्या केल्या. त्यानं दाराबाहेरच उत्तर दिलं. मी शब्द पाळला, तुमच्या पोराला मी बोलावलं नाही.

पावसाळा सरायच्या आत हिंदुस्थानची फौज आली आणि राजवट कोसळली. म्होरक्या कुठं पळाला ते कुणाला कळलं नाही. भाई एका ओढ्याकाठी पडला असं परत आलेल्या एकानं सांगितलं. मय्यत घरी आली नाही. अम्मीनं त्यानंतर अब्बांशी बोलणं सोडलं, आणि अब्बांनीही तिला बोल असं कधी म्हटलं नाही.

मग ऊन पडलं, लख्ख. अम्मीनं घरातलं ओलं सामान परसात पसरलं. त्यात त्या संध्याकाळचं उरलेलं मिश्रणही होतं, एका खापरात. दिवस कलल्यावर अब्बांनी ते उचललं, सावलीत नेलं आणि निखारा टेकवला. पहिल्याच स्पर्शाला पेटलं. हिरवंगार, स्वच्छ, जरासुद्धा न थरथरता. गोठ्याची भिंत हिरवी झाली, अब्बांचा चेहरा हिरवा झाला. विझेपर्यंत ते बघत राहिले.

“आता कुणाला दाखवू, पोरी?”

मी आत गेले आणि ती सगळी तांब्याची भांडी चिंचेनं घासून लाल करून ठेवली.