अंक पुरत नव्हते

जयवंतराव आमच्या गिरगावातल्या एका छापखान्याचे मुख्य जुळारी. शिशाचे खिळे जुळवून पाने तयार करणारी पाच माणसे त्यांच्या हाताखाली होती. काम ठरल्या दिवशी झाले नाही, तर कोणामुळे उशीर झाला त्याचे नाव मालकांना देणे हेही त्यांचेच काम. वीस वर्षांत त्यांनी एकही खोटे नाव दिले नाही, असे माझे यजमान सांगतात. ते तिथेच प्रुफे तपासतात.

यंदा पाडव्याचे पंचांग अडले. पंचांग म्हणजे आकडेच आकडे. ज्योतिषीबुवा प्रुफे लवकर परत देईनात. तोवर जुळवलेली पाने मोडून खिळे मोकळे करता येत नव्हते, आणि पुढच्या पानांसाठी अंकांचे खिळेच उरले नव्हते. जयवंतरावांनी दिवाळीतच जास्त अंक मागितले होते.

मालक म्हणाले, "बुवांना जाब मी कसा विचारू? आणि खिळ्यांना काही कामावरून काढता येत नाही. माणसाचे नाव द्या."

दोष कोणाचाच नव्हता. मग ज्याचे घर तग धरील त्याचेच नाव द्यायचे, असे जयवंतरावांनी ठरवले. पाचांतल्या म्हाताऱ्या कुशाबाच्या दारात त्यांनी त्याच्या बायकोला, रखमाबाईंना, विचारले, "घरात दुसरे कोणी मिळवते का?"

आल्यागेल्यापुढे रडगाणे कशाला, म्हणून त्या हसून म्हणाल्या, "दोन मुलगे गिरणीत आहेत की, भावजी! देवाच्या दयेने कशाला कमी नाही. बसा, गूळपाणी देते."

मुलगे वेगळे निघाल्याला दोन वर्षे झाली होती. ते आईबापांकडे फिरकतही नव्हते.

शनिवारी कुशाबाला काढले. जाताना तो म्हणाला, "जन्मभर उलटे खिळे वाचलेस, जयवंता. आज मलाही उलटाच वाचलास."

काम पुढे सरकले नाही. अंक होते तेवढेच राहिले, वर दोन हात कमी झाले. पाडव्याला आठ दिवस उरले तेव्हा मालकांनी आणखी एक नाव मागितले.

काल संध्याकाळी जयवंतराव आमच्या उंबऱ्याशी आले. आत या म्हटले, तरी आले नाहीत.

"वहिनी, घरात दुसरे कोणी मिळवते का?"

धाकटी माझ्या कडेवर होती. मी मुलींच्या शाळेत शिकवते, पगार आणते.

"कोणी नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. जिना उतरता उतरता ते थांबले. "आमचा दगडू जुळारी कुठल्या चाळीत राहतो, माहीत आहे?"

मी सांगितले.