उतरलेला सूर

शेवटच्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या दादा सकाळपासून एकच विचारत होता, "पोस्टमन आला का गं?" वहिनी पोस्टमनला फोन लावून लावून रडकुंडीला आली होती. तो काही उचलत नव्हता.

पूर्वी दादाच्या सायकलच्या दुकानात शटर ओढून तिघं गाणी बसवायची, गाणी पण स्वतःचीच. दादाची गिटार, वहिनीचा गळा आणि पोस्टमनची पेटी. पेटी त्याच्या वडिलांची, एक सूर जरा उतरलेला. म्हातारा म्हणे असाच घोगरा बोलायचा. तिघं त्या उतरलेल्या सुरालाच धरून गायची. मग दादाला काय दुर्बुद्धी झाली, मित्राला खूश करायला त्याने गुपचूप पेटीचा तो सूर दुरुस्त करून आणला.

"माझ्या बापाचा घसा दाबलास तू!" असं म्हणून पोस्टमन पेटी उचलून गेला, तो नऊ वर्षं फिरकला नाही.

दुपारपर्यंत दादाची वाचा गेली, आणि तेव्हा तो आला. पेटी घेऊनच.

"काय रे पंक्चर, झोपलास काय असा?" म्हणत खाटेपाशी बसला आणि वाजवायला लागला. तो सूर आला, अगदी स्वच्छ. दादाने मान हलवली, नाही, नाही. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

संध्याकाळी दादा गेला.

आठवड्याने पोस्टमनने वहिनीला दुकान उघडायला लावलं. दादाची बारीक कानस घेऊन पेटीतली त्या सुराची पितळी पट्टी घासली आणि सूर वाजवला.

"अजून थोडा खाली," वहिनी म्हणाली.