निळ्या सायकलचे माप

जगातल्या सगळ्या काळज्यांसाठी देवाने एखादा राखणदार नेमला असेल, तर ते आमचे साडूच असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मालवणात त्यांचे शिवणकामाचे लहानसे दुकान आहे, आणि गळ्यात टेप असल्याखेरीज ते जेवायलाही बसत नाहीत. गिऱ्हाइकाचे पोट पुढल्या वर्षी सुटले तर काय, या चिंतेने ते शिवणीत दोन बोटे कापड अधिक सोडतात. आणि पोट सुटले नाही, तर हा आजारी तर नाही ना, म्हणून त्याच्या घरी विचारपूस करायला जातात. खाऱ्या वाऱ्याने कुलूप गंजले असेल म्हणून चार पावलांवरून परत येऊन ते उघडून पाहतात. ते सहज उघडले, की चोरालाही असेच उघडेल ही नवी काळजी.

त्यांची सर्वांत जुनी काळजी मात्र आचऱ्याला राहते. त्यांची थोरली बहीण, त्यांची 'बाय', तिथे एकटी असते, डोळ्यांनी अधू. एस.टी.त साडूंना मळमळते, स्कूटरची धास्ती वाटते. म्हणून दर रविवारी मी त्यांना माझ्या गाडीने न्यावे, असे ठरले होते. ठरवले मीच होते, आणि मोडत होतो तोही मीच. कधी पेपर तपासायचे असत, कधी बॅटरी उतरलेली असे. रविवारची दुपारची झोप हे खरे कारण मी कधी सांगितले नाही. ते म्हणत, "ऱ्हवांदे हो, मास्तरांनू. बाय काय खंय पळान जाता?" आणि मी तेवढ्यावर सुटका मानून घेत असे.

एकदा तारकर्लीच्या रस्त्यावर त्यांनी बारीक चाकांच्या सायकलींवरून वाऱ्यासारखे जाणारे पर्यटक पाहिले. "हेका पेट्रोल नको, कोणाचे पाय धरूक नको," ते म्हणाले, आणि मी मान खाली घातली. मग चार महिने सायकलची काळजी सुरू झाली. चाक बारीक असेल तर वाळूत घसरेल, जाड असेल तर बाय म्हातारी होईपर्यंत आचरे यायचे नाही. मी त्यांना कणकवलीला सायकलच्या दुकानात नेले, तेव्हा दुकानदाराला त्यांनी विचारले, "शर्यत जिंकूची नाय माका. बसान पाठ धरूची नाय, अशी खंयची?" बजेट बेताचे होते. आकडा त्यांनी माझ्या कानात सांगितला आणि दुकानदाराने ऐकला तर नाही ना, म्हणून बाहेर जाऊन पुन्हा सांगितला. तिसऱ्या फेरीत एक निळी सायकल त्या आकड्यात बसली.

तरीही मन धजेना, तेव्हा ते ग्रामदेवतेकडे कौल घ्यायला गेले. गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले, "बा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान जी निळी सायकल बघून ठेवल्यानी आसा, ती घेवची काय?" "होय म्हाराजा," आम्ही म्हणालो. उजवी पाकळी पडली. देवाने होकार दिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात पैसे देण्यापूर्वी साडूंनी गळ्यातला टेप काढला आणि सायकलच्या दांड्याला लावला. मग स्वतःच्या पायाला, मग हाताला. गिऱ्हाइके हसू लागली. दुकानदार गंभीरपणे म्हणाला, "काका, ही तुम्हाला एक माप मोठी होते. लहान आठ दिवसांत मागवतो." आठ दिवसांनी म्हणजे पुढच्या रविवारी, म्हणजे पुन्हा माझी गाडी आणि माझीच झोप. मी पुटपुटलो, "दादा, देवाने कौल दिलाय ना? मग माप कसले पाहता? टेप ठेवा आत, लोक बघताहेत." जन्मभर लोकांची मापे घेणाऱ्या त्या माणसाने टेप निमूट गुंडाळला.

पुढचे दोन महिने ते बंदरापर्यंत जात आणि परत येत. मी थट्टा करी, "दादा, आचरे अजून जागेवर आहे हो!" ते हसत. एका संध्याकाळी अचानक त्यांच्या घरी गेलो, तर मेहुणीबाई त्यांच्या मानेला तेल चोळत होत्या. समोर बिनकाजाचा एक सदरा पडला होता. "हात बधिर जातत," ते म्हणाले. "हँडल लांब पडता ना. सुयेत दोरो ओवूक गावना नाय."

"आणि मला सांगितले नाही?"

"तुमी इतकी धावपळ केलास. तुमका वायट वाटला असता."

मेहुणीबाई तेलाची वाटी आपटून म्हणाल्या, "ह्यांका वायट वाटात म्हणान तुमी जल्माचे लुळे होवा!" मग मी त्यांना सारे सांगितले: ती दुपारची झोप, दुकानातली घाई, देवाला पुढे करून साधलेला स्वार्थ. त्यांनी बिनकाजाचा सदरा उचलून मांडीवर घेतला. "देवाची चूक नाय," ते म्हणाले. "घेव काय, इतक्याच आपण इचारला. माप इचारूक आपणच इसारलो."

सायकल बदलून आणू म्हटले, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. कौलाची वस्तू परत करायची नसते. मग त्यांच्या डोळ्यांत जुना कारागीर जागा झाला. "मापात नाय म्हणान कपडो कोण फेकता? आल्टर करूया." त्यांनी मापे लिहून दिली आणि मी एकटाच सायकल घेऊन कणकवलीला गेलो. दुकानदाराने हँडलखालचा तुकडा आखूड बसवला, हँडल वर घेतले, सीट पुढे सरकवली. महिन्याभराने साडूंची बोटे पुन्हा काज करू लागली.

आता दर रविवारी सकाळी ते माझ्या फाटकाशी घंटी वाजवतात. टेप गळ्यात, हँडलला बायसाठी केळ्यांची पिशवी. "येतंय हां, मास्तरांनू!" मी गाडी आदल्या दिवशीच धुऊन ठेवलेली असते, बॅटरीही तपासलेली असते, पण ती बाहेर काढायला मला आता कुणी सांगत नाही. ते वळणाआड जातात. मी फोन समोर ठेवून बसतो, आणि आचऱ्याहून "पोचलंय" एवढा एक शब्द येईपर्यंत मला चहाचा घोट घेववत नाही.