ठरावाखालची कोरी जागा

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि मी खुर्चीवर बसले, तेव्हा माझं शिक्षण सातवी आणि तोरा मॅट्रिकचा. इगतपुरीच्या बाजूचं आमचं गाव. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते आणि मार्च सरला की वरच्या पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. त्या वर्षांत पाऊसही बिघडत चालला होता. पूर्वी चार महिने रेंगाळायचा, आता आठ दिवसांत धो धो कोसळून मोकळा व्हायचा.

वरून पत्र आलं, पाणी कुठे अडवायचं ते यापुढे ग्रामसभाच ठरवेल. मी ते मारुतीच्या पारावर मोठ्या झोकात वाचून दाखवलं. तेव्हा वरच्या पाड्यावरची, खेकडे धरून बाजारात विकणारी मावशी उठली.

"झऱ्याच्या वर काळी शिळा हाय. तिथं भर उन्हाळ्यात खेकड्याचं बीळ ओलं ऱ्हातं. तिथं पाणी अडवा, म्हंजे आमचा झरा आटायचा नाय."

सगळ्यांनी हात वर केले.

ग्रामसेवक आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी यायचे आणि कायम घाईत असायचे. ठरावाच्या वहीत मी कोऱ्या पानावर सही करून ठेवायची, मजकूर ते नंतर लिहायचे. आसपासच्या गावांतही असंच चालायचं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या सहीच्या वर त्यांनी लिहिलं, बंधारा सडकेलगतच्या ओहोळावर. तिथवर सिमेंटचा ट्रक जातो ना! बांधलेला बंधारा दिवाळीलाच कोरडा पडला. उन्हाळ्यात वरचा झराही आटला, आणि मावशीची सून भरला हंडा घेऊन दरीच्या वाटेवर घसरली. मोडलेला पाय पुन्हा नीट बसलाच नाही. गावाला मिळालेला अधिकार मी कोऱ्या पानावर देऊन टाकला होता. कुंपणानेच शेत खाल्लं. बाजारात मी दिसले की मावशी टोपली उचलून दुसरीकडे जाऊन बसायची. मला त्याची आजही लाज वाटते.

काही वर्षांनी मी पुन्हा निवडून आले. पहिल्याच सभेला वही घेऊन पाड्यावर गेले. ठराव सगळ्यांसमोर लिहिला: बंधारा काळ्या शिळेपाशी, ट्रक जात नाही तर गोण्या डोक्यावरून नेऊ. दोनदा वाचून दाखवला, सही केली आणि वही मावशीपुढे धरली.

तिला अक्षरओळख नव्हती. शाई लावलेला अंगठा तसाच वर धरून ती पान निरखत राहिली.

"खाली जागा ऱ्हायली हाय, सरपंचबाई," ती म्हणाली. "आधी तिथं रेघ मार."

मी पानाच्या तळापर्यंत रेघ मारली. मग तिने अंगठा टेकवला.