अर्ध्या कोयत्याची टेस्ट

बीडमधल्या आमच्या छोट्या कंपनीला ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाच्या प्रवेशाचं ॲप बनवायचं होतं. आमच्याकडं तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा. त्याच हिशोबानं मी डेटाबेसमध्ये अट घातली: नवऱ्याचा आधार क्रमांक नसेल तर नोंद घ्यायची नाही. आपली माणसं आपल्याला कळतात, असा माझा गर्व.

ॲप नीट चालतं का ते तपासणाऱ्या, जावा या संगणक-भाषेत लिहिलेल्या आमच्या टेस्ट खऱ्याऐवजी मेमरीतल्या एका हलक्या, नकली डेटाबेसवर चालायच्या. तो पुढाऱ्यामागं फिरणाऱ्या कार्यकर्त्यासारखा. काहीही विचारा, "हो साहेब". माझी अट त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. पाटोद्याच्या एका सहकारी मॅडमनी तो बंद केला. आता टेस्ट सुरू झाली की कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्याच एका तात्पुरत्या खोक्यात, खरा, कोरा डेटाबेस उभा राही, त्यात माझ्याच अटी लागत, आणि काम झालं की सगळं मोडून जाई.

"मॅडम, एक भाकर चाखायला दर वेळी नवी चूल मांडता?" मी म्हणालो.

"चित्रातल्या चुलीवर भाकर भाजली का न्हाई, कसं कळंल सर?"

मग त्यांनी एकट्या बाईची नोंद करणारी टेस्ट लिहिली. खऱ्या डेटाबेसनं नोंद नाकारली. टेस्ट लाल, म्हणजे नापास. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. मी अट काढली नाही. त्या टेस्टवर वगळल्याची खूण केली, म्हणजे ती चालणारच नाही. सगळं हिरवंगार झालं आणि मी निवांत जेवलो.

उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांनी मंचावर बटण दाबलं. पहिलीच बाई आली ती एकटी. नवरा परागंदा, बहिणीसोबत तोडीला निघालेली. पोरांना प्रवेश मिळाला तर शाळा, नाही तर उसाचा फड. ट्रक बाहेर उभा होता. ॲप नवऱ्याचा आधार मागत राहिलं.

"माझा टाका रे," पुढारी ऑपरेटरला म्हणाले. सगळे हसले.

"टाका की," बाई म्हणाली. "मग ऊस तोडायाबी तुमीच चला, मालक."

मंचामागं बसून मी अट काढली. मॅडमनी वगळलेली टेस्ट पुन्हा सुरू केली. कंटेनर उभा राहीपर्यंत पुढाऱ्यांनी भाषण लांबवलं. त्यात ते आमच्यापेक्षा तयार. टेस्ट हिरवी झाली, सुधारलेलं ॲप चढवलं, पोरांना प्रवेश मिळाला.

"एकट्या मातांसाठी आमी खास सोय केली हाय," पुढाऱ्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बाईनं वाजवल्या नाहीत. तिच्या दोन्ही हातांत पोरांच्या पत्र्याच्या पेट्या होत्या.