कॅमेऱ्याच्या शेजारची जागा

"आज कालवण काय केलंय?"

फोटोला बसलेल्या माणसाला ती हे विचारायची. माणूस सांगायला तोंड उघडतो न उघडतो, तोवर तिच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, कॅमेऱ्याचं बटण दाबलेलं असायचं.

शिरूरला एस्टी स्टँडच्या मागं त्यांचा फोटोचा गाळा होता आणि शेजारच्या गाळ्यात माझं शिवणयंत्र. मधे नुसता पत्रा, त्यामुळं तिकडचा शब्द न् शब्द मला बसल्या जागी ऐकू यायचा. सगळे तिला मावशी म्हणत. मालक कॅमेऱ्यामागं, आणि मावशी कॅमेऱ्याच्या शेजारी एका लंगड्या स्टुलाला टेकून उभी. "त्या काचंकडं बघू नगा. माझ्याकडं बघा," म्हणायची.

तेव्हा घरोघरी कॅमेरे नव्हते बरं का. माणसं फोटोला बसायची ती पोलीसचौकीत बसवल्यासारखी. निमोण्याची एक पोरगी आली होती, स्थळाकडं पाठवायचा फोटो काढायला. आईचं आपलं चालू, "हस. दात दाखवू नको. मान खाली. इतकी न्हाई." पोरगी रडायच्या बेतात. मावशीनं आईला माझ्याकडं धाडलं, "जावा, शेजारी ब्लाउजचे गळे बघून या." मग हळूच पोरीला म्हणाली, "आता खरं सांग, जास्त ओरडा कुणाला बसतो? तुला का बापाला?" त्याच फोटोवर पुढं लग्न जमलं तिचं.

आणि कवठे येमाईचे ते आबा. निराधाराच्या सरकारी पगाराला फोटो पाहिजे म्हणून आलेले, जन्मातला पहिलाच. टोपी काढली, घातली, परत काढली. मावशीनं विचारलं, "आबा, म्हशीचं नाव काय हाय तुमच्या?"

"तिचं व्हय?" आबा म्हणाले, आणि झाला फोटो.

पुढच्या साली त्यांचा मुलगा तोच फोटो मोठा करायला घेऊन आला, हार घालायला. मालक म्हणाले, "तोंड जरा उघडं ऱ्हायलंय. रंगानं मिटवून देऊ का?"

"नगा," मुलगा म्हणाला. "म्हशीचं नाव सांगायलेत. सांगू द्या."

त्या दिवसापासून मावशी कुणाला काही विचारायच्या आधी थोडी थांबायची. मला पत्र्याआडून कळायचं ते.

तिचा स्वतःचा मात्र एकही फोटो नव्हता. लग्नातला होता, त्यात पदर नाकापर्यंत. कुणी म्हटलंच तर तिचं ठरलेलं उत्तर, "मी तिथं बसल्यावर हितं कोण उभं ऱ्हाईल?"

मग ती वाळायला लागली. दौंड तिचं माहेर, तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मालकांना एकट्याला आत बोलावलं. परत आल्यावर मालक माझ्या यंत्रापाशी येऊन उभे राहिले. "बाई, हिचा एक फोटो पायजे. नीट, डोळं उघडं असलेला. तुम्ही हिच्या जागी उभ्या ऱ्हा."

मी उभी राहिले. मावशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बसली. अर्ध्या तालुक्याला बोलतं करणारी बाई, पण हात गुडघ्यावर ठेवून बसली ती अगदी त्या आबांसारखी.

"मावशी, आज कालवण काय केलंय?"

"आत्ता वाटीभर शेपू दिला की तुला. एवढ्यात इसरलीस?"

आम्ही दोघी हसलो. पण तिची नजर माझ्यावर ठरेना. सारखी सरकून कॅमेऱ्यामागं जायची. म्हणाली, "तुम्ही का असं बघताय हो माझ्याकडं?"

मालकांनी बटण दाबलं. फ्लॅश पडला आणि तिनं डोळे मिटले. दुसऱ्यांदा काढला, परत मिटले. तिसऱ्यांदा ती उठलीच. "ऱ्हाऊ द्या. कळलं मला," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

ती गेल्यावर दहाव्याला ठेवायला डोळे मिटलेले तेवढेच दोन फोटो होते. दौंडचा भाऊ म्हणाला, "दाजी, रंगानं डोळं काढून घेऊ की. किती जणांचं केलंत तुम्ही."

"दुसऱ्याचं काढलं. हिचं कसं काढू? ती बघायची कशी, ते मी कवा बघितलंय? मी कॅमेऱ्यात असायचो." असं म्हणून त्यांनी ते लंगडं स्टूल धुतलं, पाटावर ठेवलं आणि त्याला हार घातला. मांडवात दोनचार जण तोंडाला रुमाल लावून हसलेसुद्धा.

पुढं मालकांनी गाळा विकला. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. पण तुम्ही आमच्या भागात कुणाच्या घरी गेलात, तर भिंतीवरचे हाराचे जुने फोटो जरा बघा. त्यातली माणसं तुमच्याकडं बघत नाहीत, बाजूला बघतात. ओठ जरासे उघडे. कुणीतरी काहीतरी विचारलंय आणि ती आता सांगणारच आहेत.

आमचे हेही आता भिंतीवर, त्यातलेच. सकाळी फोटो पुसायला जाते. मी इकडून बघते, तिकडून बघते, कुठंही उभी राहा, हे बघतात ते माझ्या शेजारी. आधी अंगावर काटा यायचा. आताशा मी थोडी सरकून उभी राहते, मावशीला जागा ठेवून.